मांडणीवरचा सर्व्हर

पनवेल परिसरातल्या गव्हाणच्या आसपास गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत जे उभे राहिले, ते बहुतेक सगळे डोळ्यांना दिसते. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतात, गव्हाण फाट्यावरून जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा दिसतात. जानेवारी २०२४ मध्ये खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत धावू लागलेली लोकल दिसते, त्याच महिन्यात खुला झालेला अटल सेतू दिसतो, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळावरची विमानेही दिसतात. याच पनवेल परिसरात, भोकरपाड्याजवळ, जुलै २०२० मध्ये आणखी एक प्रचंड वास्तू सुरू झाली. योट्टा कंपनीच्या या डेटा सेंटरची क्षमता ७,२०० रॅकची, म्हणजे यंत्रे ठेवायच्या उभ्या चौकटींची, आहे. तिथे काय चालते ते मात्र कोणाला दिसत नाही. जाड भिंती, पहारा आणि थंड हवेत अहोरात्र चालणारी यंत्रे, एवढीच त्याची ओळख. बँकेचा व्यवहार, मोबाइलमधले फोटो, दवाखान्याचा रिपोर्ट, मुलांचा ऑनलाइन वर्ग हे सगळे अशाच कुठल्यातरी बंद इमारतीत साठते. आपल्या आयुष्याचा एवढा मोठा भाग जिथे ठेवला आहे ती जागा आतून कशी असते, हे आपल्यातल्या बहुतेकांनी कधी पाहिलेले नाही.

ही जागा पाहण्याची एक वाट मात्र आहे. जगभरात, आणि आपल्याकडच्या शहरांतही, हौशी मंडळी घरातच छोटा सर्व्हर उभारतात आणि तो इतरांना दाखवतात. कोणी जुना लॅपटॉप माळ्यावर ठेवतो, कोणी ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप कपाटाखाली बसवतो, तर कोणी बोटभर लांबीच्या संगणकांची चळत लावतो. वायरी उघड्या असतात, डबा घरचाच असतो, पंखा दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा काढून लावलेला असतो. या हौसेकडे पोरखेळ म्हणून पाहण्याची रीत आहे. माझे म्हणणे असे की घरचा सर्व्हर उभारणे जितके मोलाचे आहे, तितकेच तो त्याच्या उणिवांसकट चारचौघांत मांडणे मोलाचे आहे. संगणकाचे ज्ञान काही कंपन्यांच्या भिंतीआड गोळा होत असताना ते सामान्य माणसांच्या हातात राहण्याचे जे थोडे मार्ग उरले आहेत, त्यांतला हा एक आहे.

सर्व्हर या शब्दाभोवतीचे गूढ आधी दूर करायला हवे. दुसऱ्या यंत्राने मागितलेली वस्तू काढून देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. ग्रंथालयात आपण नाव सांगतो आणि ग्रंथपाल पुस्तक काढून देतो, तसेच हे काम आहे. त्यासाठी वेगळ्या जातीचे यंत्र लागत नाही. यंत्र सतत चालू राहावे, जाळ्याला जोडलेले असावे आणि त्यावर मागणी ऐकणारी प्रणाली असावी, एवढे पुरते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर सुरू केला, तो त्यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. कोणी चुकून बटण दाबू नये म्हणून त्यावर एक कागद चिकटवला होता आणि त्यावर लाल शाईने हाताने सूचना लिहिली होती, हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. आज घरोघरच्या हौशी सर्व्हरवर अशीच चिठ्ठी चिकटवलेली असते. ती चिकटवणारे वेबच्या पहिल्या दिवसाचाच वारसा चालवत असतात.

तात्पुरत्या जोडणीतून मोठे काम उभे राहिल्याची ही एकच नोंद नाही. गूगलचे संस्थापक स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थी असताना, १९९६ मध्ये, त्यांनी ४ जीबीच्या दहा हार्ड डिस्क ठेवायला लेगोच्या ठोकळ्यांचा डबा बनवला होता. १९९९ मध्ये त्याच कंपनीने उघडे मदरबोर्ड पत्र्याच्या ताटांवर मांडले आणि शॉर्ट सर्किट होऊ नये म्हणून खाली बुचाच्या लाकडाचा थर घातला. त्यातला एक रॅक आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवला आहे. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे साधे सोळा संगणक जोडून बेओवुल्फ नावाचा समूह उभारला, आणि महासंगणकाचे काम स्वस्त यंत्रांकडून करून घेण्याची पद्धत त्यातून रुजली. आपल्याकडे, पुण्यात, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० साकारला. बाहेरचा महासंगणक हवा तसा मिळत नव्हता, म्हणून बाजारात उपलब्ध असलेले ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जोडण्याचा मार्ग तिथे निवडला गेला. या प्रयत्नांमागे निष्णात माणसे आणि संस्थांचे बळ होते, त्यामुळे माळ्यावरच्या लॅपटॉपची त्यांच्याशी बरोबरी होणार नाही. पण हाती आहे त्या सामग्रीतून हवे ते काम काढून घेण्याची वृत्ती दोन्हीकडे एकच आहे.

आजच्या घरगुती सर्व्हरची सामग्री आपल्या परिसरात सहज मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली या जागा सुट्या भागांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. २०१२ च्या २९ फेब्रुवारीला ३५ डॉलर किमतीचा रास्पबेरी पाय बाजारात आला आणि तळहाताएवढ्या पाटीवर पूर्ण संगणक मावू लागला. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तेव्हा नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे एका दिवसात जुनी ठरली. त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली चढवली की ती आणखी काही वर्षे सर्व्हर म्हणून राबू शकतात. ठेवायच्या जागेचा प्रश्नही हौशी लोक घरातल्या वस्तूंनीच सोडवतात. नेदरलँडमधल्या मंडळींच्या ध्यानात आले की आयकियाच्या लॅक नावाच्या स्वस्त टेबलाच्या पायांमधले अंतर सर्व्हरच्या १९ इंची मापाशी जुळते, आणि ते टेबल जगभर रॅक म्हणून वापरले जाऊ लागले. आयकियाचे दुकान डिसेंबर २०२० पासून आपल्या तुर्भ्यातच आहे. पण आपल्या घरांत त्याहून सोयीची वस्तू पूर्वीपासून भिंतीवर असते, ती म्हणजे स्टीलची मांडणी. ताटे उभी ठेवण्याच्या तिच्या खाचांत जुने लॅपटॉप उभे राहतात, दोहोंच्या मधून हवा खेळते आणि केबल मागून सोडता येते. मांडणी धातूची असल्यामुळे उघडी पाटी तिला टेकू देऊ नये, मध्ये लाकडाचा किंवा रबराचा तुकडा घालावा, एवढे मात्र सांभाळायला हवे.

खाडीकाठच्या गावात याहूनही जास्त गोष्टींचा विचार करावा लागतो. गव्हाणसारख्या ठिकाणी पावसाळ्यात हवा चिंब असते आणि खाऱ्या वाऱ्याने धातूचे सांधे गंजतात. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने घासले की बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू होते, हा आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याचा अनुभव त्यातूनच आला आहे. सतत चालणारे यंत्र थोडे उबदार राहते, म्हणून त्यावर दमट हवेचा परिणाम कमी होतो. पावसाळाभर बंद ठेवलेले यंत्र लवकर बिघडते. बांधकामांची धूळ पंख्याच्या पात्यांवर साचते, म्हणून हवा आत येते त्या बाजूला बारीक जाळी लावावी लागते. वीज गेली तर यंत्राने नीट बंद होण्याइतका वेळ देणारा छोटा यूपीएस लागतो. लॅपटॉपला तो वेगळा लागत नाही, कारण बॅटरी त्याच्या पोटातच असते. पण हीच बॅटरी जुनी होऊन फुगली असेल तर ती काढूनच टाकायला हवी, कारण ती पेट घेऊ शकते. या बारकाव्यांपैकी फारच थोडे यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत असतात. कोणीतरी केलेले असते, चुकलेले असते आणि मग दाखवलेले असते, म्हणून ते दुसऱ्याला कळतात.

दाखवण्याचे महत्त्व इथे स्पष्ट होते. महाराष्ट्राला ते परके नाही. दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात आणि मग गल्लीभर फिरून इतरांचे किल्ले पाहतात. बुरूज ढासळू नये म्हणून आत विटा कशा लावल्या आणि पाण्याचे टाके कशाचे केले, हे एक मूल दुसऱ्याच्या अंगणात शिकते. गणपतीचे मखर पाहायला शेजारी येतात तेव्हाही त्यांची नजर कागद कुठे दुमडला आणि दिव्याची वायर कुठून नेली याचा शोध घेत असते. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांमुळे हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा टिकली, तीही एकमेकांच्या दुर्बिणीतून पाहत आणि एकमेकांच्या चुका सुधारत. घरच्या सर्व्हरचे प्रदर्शन याच जातीचे आहे. कंपनीच्या जाहिरातीतले यंत्र गुळगुळीत आणि झाकलेले असते, त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात ते विकत घेण्याचाच विचार येतो. मांडणीवरच्या सर्व्हरची प्रत्येक वायर दिसते. वीज कुठून आली, जाळे कुठून आले आणि माहिती कोणत्या डिस्कवर गेली, हे बोटाने दाखवता येते. ते पाहणाऱ्याला वाटते की हे मलाही जमेल, आणि शिक्षणाची सुरुवात या वाटण्यापासून होते.

अशा सर्व्हरवर चालते काय, हेही पाहायला हवे. सर्वांत मोठी गरज फोटोंची आहे. गूगलने फोटोंसाठीची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली आणि मोफत खात्याच्या १५ जीबीतच सारे बसवणे भाग पडले. तेव्हापासून घरच्या फोटोंसाठी घरचीच जागा असावी, हा विचार बळावला. इमिच ही मुक्त प्रणाली २०२२ च्या सुमारास अ‍ॅलेक्स ट्रॅन या प्रोग्रामरने आपल्या बाळाच्या फोटोंसाठी लिहायला घेतली आणि आज जगभरची कुटुंबे ती वापरतात. कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड आहे, चित्रपट आणि गाण्यांसाठी जेलिफिन आहे, घरातले दिवे-पंखे चालवायला होम असिस्टंट आहे. कीविक्स या प्रणालीमुळे मराठी विकिपीडिया छोट्याशा कार्डावर उतरवून इंटरनेट नसतानाही वर्गभर वाचता येतो. शाळेतच सर्व्हर ठेवण्याची कल्पना आपल्या भागाला अगदी नवी नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या क्लिक्स उपक्रमासाठी असे व्यासपीठ तयार केले, जे इंटरनेट नसलेल्या शाळेतही तिथल्याच सर्व्हरवरून धडे पुरवत असे. रायगड जिल्ह्यातच, कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या छोट्या शाळेत २००७ मध्ये प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याचा जागतिक प्रयोग भारतात पहिल्यांदा झाला होता. बाहेरून आणलेले यंत्र टिकवायचे तर ते उघडून दुरुस्त करणारे हात गावातच असावे लागतात, आणि हौशी मंडळी तेच हात तयार करतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. महिन्याला थोडे पैसे भरून मोठ्या कंपनीकडे जागा मिळते, ती अधिक सुरक्षित असते, मग घरी हा खटाटोप कशाला? यात बरेच तथ्य आहे. भोकरपाड्याच्या केंद्राला चौथ्या, म्हणजे सर्वोच्च, श्रेणीचे प्रमाणपत्र आहे. त्या श्रेणीच्या केंद्रात वर्षभरात अर्ध्या तासाहूनही कमी खंड अपेक्षित असतो. घरच्या यंत्राने शंभरातला एक तास जरी दगा दिला तरी वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त खंड पडतो. बँकेला हे परवडणार नाही, पण लग्नाच्या अल्बमला परवडेल. आणि मोठे म्हणजे अभेद्य असेही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची पाच मजली इमारत जळून खाक झाली आणि ज्यांच्या माहितीची दुसरी प्रत नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली. दोन्हीकडून धडा एकच निघतो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. घरचा सर्व्हर त्यांतली एक प्रत आहे, आणि ती घराबाहेरची एक प्रत कंपनीकडे ठेवायला कसलीच हरकत नाही.

दुसरा आक्षेप विजेचा आहे, आणि त्याचे उत्तर हिशेबानेच द्यायला हवे. रास्पबेरी पायसारखे यंत्र साधारण ५ वॅट घेते, म्हणजे महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. जुना लॅपटॉप १५ वॅटवर चालला तर महिन्याला अकरा युनिट होतात. जुना डेस्कटॉप ८० वॅट घेत असेल तर आकडा अठ्ठावन्नवर जातो. भंगारात स्वस्त मिळतो म्हणून कंपनीचा जुना रॅक सर्व्हर आणला आणि तो २०० वॅट खाऊ लागला, तर एकट्या त्याचेच १४४ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढचे युनिट महाग पडते, त्यामुळे हा खर्च दुप्पट बोचतो. म्हणून घरी सर्व्हर असावा, पण तो लहान असावा. सेटअप दाखवताना तो किती वॅट घेतो हे सांगण्याची शिस्त प्रत्येकाने पाळली, तर नवख्यांची मोठी फसगत टळेल.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेऊन मोठी संकेतस्थळे बंद पाडली. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या घरगुती साठवण यंत्रांतली माहिती कुलूपबंद केली. घरचा सर्व्हर अर्धवट ज्ञानावर उघडा ठेवणारा स्वतःबरोबर इतरांनाही धोक्यात घालतो, हे मान्यच करायला हवे. सुदैवाने पहिला अडसर आपोआपच मिळतो. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत आणि आशियाच्या वाट्याचा साठा २०११ मध्येच जवळपास संपला. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात, आणि बाहेरून थेट घरच्या यंत्रापर्यंत पोहोचता येत नाही. ज्याला बाहेरून पोहोचायचे आहे त्याने राऊटरचे दार उघडण्याऐवजी वायरगार्डसारखा कुलूपबंद बोगदा वापरावा, पासवर्ड बदलावेत आणि प्रणाली अद्ययावत ठेवाव्यात. प्रदर्शनाचाही इथे नियम हवा. यंत्र दाखवावे, पण पत्ता, पासवर्ड आणि घरच्यांचे फोटो दाखवू नयेत. आणि हे सारे माणूस शिकतो तेही करूनच. राऊटरच्या आत कधी न डोकावलेला माणूसच कारखान्यातला पासवर्ड वर्षानुवर्षे तसाच ठेवतो.

शेवटचा आक्षेप असा, की हा जुगाडाचा गौरव आहे आणि जुगाडाने देश पुढे जात नाही. निष्काळजीपणाला जुगाड म्हणत असाल, तर आक्षेप बरोबर आहे. अर्थिंग नसलेला सॉकेट, एका प्लगवर लटकलेली पाच यंत्रे, पडद्याला टेकलेला गरम डबा यांचे कौतुक होता कामा नये, आणि असे चित्र दिसले तर पाहणाऱ्याने स्पष्टपणे टोकले पाहिजे. पण मांडणी उघडी असते म्हणूनच टोकता येते. झाकलेली चूक कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि लक्षात आली तर आग लागल्यावर येते. चारचौघांत मांडलेल्या सर्व्हरची चूक चारचौघे सुधारतात, तसा तो पुढच्या वर्षी अधिक नीटनेटका होतो आणि त्याचा मालक अधिक जाणता होतो.

गव्हाणच्या परिसराला हे सांगण्याचे एक खास कारण आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई-उरण भागात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पाच जणांनी प्राण दिले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. ज्याच्या जमिनीवर विकास उभा राहतो त्याचा त्या विकासात वाटा असला पाहिजे, असे ते तत्त्व सांगते. त्या त्यागाशी कशाचीही तुलना करण्याचा हेतू नाही. पण आज याच भागात माहितीचा उद्योग मूळ धरतो आहे आणि त्यातला वाटा पहारेकऱ्याच्या किंवा ड्रायव्हरच्या नोकरीपुरता राहू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी यंत्राच्या आत काय असते हे शिकण्याची सोय गावातच केली पाहिजे. कमवा आणि शिका हा मार्ग घालून देणाऱ्या रयत शिक्षण संस्थेची शाळा गव्हाणात आहे. कुठल्याही शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयाच्या एका भिंतीवर स्टीलची मांडणी, तीन टाकाऊ लॅपटॉप, त्यांना जाळ्याने जोडणारा एक स्विच आणि एक छोटा यूपीएस एवढे लावायला डेटा सेंटर लागत नाही. त्यावर मराठी विकिपीडिया असावा, गावातल्या जुन्या फोटोंचा आणि सातबाऱ्यांच्या प्रतींचा संग्रह असावा, आणि त्या मांडणीला काच लावू नये. ज्यांच्या घरी असा सर्व्हर चालू आहे त्यांनी येत्या सुट्टीत शेजारच्या मुलांना बोलावून तो दाखवावा, वायरी लपवू नयेत आणि आपल्या चुकाही सांगाव्यात.